मान कोणाच्या हाती द्यावी?

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासायला आले तेव्हापासून, म्हणजे गेले तीन महिने, मानेची उजवी बाजू दुखते. दुखणे मानेच्या मधल्या भागातून निघून उजव्या खवाट्यापर्यंत उतरते. हाताला मुंग्या येत नाहीत. स्कूटरवर असताना मागचे पाहायला उजवीकडे मान वळवली की कळ येते. तासभर पेपर तपासले की दुखू लागते आणि अर्धा तास आडवी झाले की उतरते. एक्स-रेच्या अहवालात ‘स्पॉन्डिलॉसिस’ आणि ‘मानेचा बाक सरळ झाला आहे’ असे लिहिले आहे. रक्तदाबाची गोळी पाच वर्षे चालू आहे. येथील फिजिओथेरपिस्ट अंगठ्यांनी मणके हळूहळू दाबतात, त्याने दोन भेटींत थोडे बरे वाटले. भावजय म्हणते की पुण्याला जा, तेथे एका झटक्यात कडकन आवाज करून मान मोकळी करतात. मात्र वीस सिटिंगचे पैसे एकदम भरावे लागतात. शेजारच्या काकू एका मालीश करणाऱ्या बाईंचे नाव घेतात. आमचे हे तर दर महिन्याला सलूनमध्ये मान मोडून घेतात आणि मला हसतात. यांपैकी कोणते तंत्र सर्वांत चांगले? आणि मानेला पट्टा लावू का?
– स., सातारा

उत्तर :

स. ताई, सप्रेम नमस्कार.

दुखणे कधी सुरू झाले, कुठून कुठे जाते, कशाने वाढते आणि वाढल्यावर शांत व्हायला किती वेळ लागतो, हे पहिल्या भेटीत विचारून घेता घेता आम्हा फिजिओथेरपिस्टांची पंधरा-वीस मिनिटे जातात. आपण ते सारे एका पानात लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. फक्त प्रश्नाचा क्रम मला थोडा बदलावासा वाटतो. हाताने करायच्या उपचारांची एकमेकांशी तुलना करणारे अभ्यास बरेच झाले आहेत, आणि त्यांत ही तंत्रे बहुतेक वेळा जवळजवळ बरोबरीनेच सुटतात. मोठा फरक पडतो तो ज्या मानेवर हात ठेवला ती कोणत्या प्रकारची आहे, त्या हाताने होऊ शकणारी इजा किती गंभीर आहे, आणि टेबलावरून उठून घरी गेल्यावर तुम्ही स्वतः काय करता, यांनी. म्हणून आधी आपली मान पाहू.

मानदुखीचे ढोबळमानाने चार गट पाडतात. एकात मान वळत नाही, आखडलेली असते. दुसऱ्यात, विशेषतः गाडीच्या धक्क्यानंतर, स्नायूंचा ताबा सुटलेला असतो. तिसऱ्यात मानेतून निघणारी डोकेदुखी असते. आणि चौथ्यात नस दुखावून वेदना हातात उतरते, आणि मग कोणत्या नसेला त्रास आहे त्यानुसार अंगठा, मधले बोट किंवा करंगळी बधिर होते. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या मार्गदर्शक सूचनांत (पहिली आवृत्ती २००८, सुधारित २०१७) हीच विभागणी आहे. आपले वर्णन पहिल्या गटाशी जुळते: एका बाजूला दुखणे, एकाच दिशेला वळताना कळ, हातात काही नाही. खवाट्यापर्यंत उतरणारी वेदना ऐकून लोक लगेच ‘नस दबली’ म्हणतात, परंतु मानेच्या मधल्या आणि खालच्या सांध्यांचे दुखणेही नेमके तेथेच जाणवते. तरीही आपल्या फिजिओथेरपिस्टांनी हातांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया एकदा तपासलेल्या असाव्यात. तपासल्या नसतील तर तसे सांगा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

एक्स-रेच्या अहवालाने आपण धास्तावलेल्या दिसता. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या मानेत कुठे ना कुठे दोन मणक्यांमधली चकती फुगलेली आढळली. त्यांत विशीतली माणसेही होती. केस पांढरे होतात तसे मणकेही वयाप्रमाणे बदलतात, त्यालाच स्पॉन्डिलॉसिस म्हणतात; आणि बाक सरळ दिसणे हे पुष्कळदा त्या दिवशी स्नायू आखडलेले असल्याचे किंवा एक्स-रे काढताना हनुवटी कशी धरली होती याचे चित्र असते. तेव्हा ‘बाक परत आणून देतो’ असे जो सांगेल त्याच्यापासून जरा लांब राहा.

आता हातांकडे वळू.

आपल्या गावातले फिजिओथेरपिस्ट करतात ते मोबिलायझेशन. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील जेफ्री मेटलंड यांनी गेल्या शतकाच्या मध्यात त्याची पद्धतशीर मांडणी केली. रुग्णाला पालथे झोपवायचे, कपाळ हातांवर टेकवायचे, आणि मणक्याच्या मागच्या काट्यावर (त्वचेखाली बोटाला लागणाऱ्या टोकावर) किंवा बाजूच्या सांध्यावर दोन्ही अंगठ्यांची टोके ठेवून सेकंदाला एक-दोन या गतीने, पाण्यावर होडी हलावी तसे, हेलकावे द्यायचे. मेटलंड यांनी त्याच्या चार श्रेणी केल्या. पहिल्या दोन श्रेणींत सांध्याच्या अडथळ्यापर्यंत, म्हणजे तो जेथे ताठ लागू लागतो तेथपर्यंत, हात जातच नाही. त्या केवळ दुखणे शांत करण्यासाठी असतात. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत हात अडथळ्याच्या आत जातो, त्या ताठरपणासाठी. कोणती श्रेणी वापरायची ते मान किती ‘चिडकी’ आहे यावर ठरते. थोड्याशा हालचालीने भडकणारी आणि मग दिवसभर न निवणारी मान चिडकी, तिला पहिली-दुसरी श्रेणीच द्यावी. आपली मान तासभराच्या कामाने दुखते आणि अर्ध्या तासात निवते, म्हणजे फारशी चिडकी नाही. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा दाब तिला सहज सोसेल. दोन भेटींत ‘थोडेच’ बरे वाटले याचे कारण दाब फार सौम्य राहिला हेही असू शकेल. फिजिओथेरपिस्टांना हे विचारायला संकोच करू नये.

मेटलंड यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र श्रेणी नव्हे, त्यांची तपासण्याची सवय. रुग्णाला जी हालचाल दुखते तीच खूण म्हणून निवडायची, उपचारापूर्वी ती मोजायची, दोन-तीन मिनिटे दाब दिला की लगेच पुन्हा मोजायची. बदल झाला तर त्याच वाटेने पुढे जायचे; झाला नाही तर मणका, कोन किंवा तंत्र बदलायचे. आपली खूण आयती आहे: उजवीकडे वळणे. खुर्चीत ताठ बसा, खांदे न फिरवता फक्त मान उजवीकडे वळवा, आणि कळ येण्याआधी भिंतीवरची कोणती वस्तू दिसते ते ठरवून ठेवा. समजा कालनिर्णय दिसते. भेटीनंतर घरी येऊन त्याच खुर्चीवरून पाहा की नजर पलीकडच्या खिडकीपर्यंत पोहोचते का. कोणत्याही यंत्राविना घरातल्या घरात घेता येणारी ही परीक्षा ज्या हाताला चार भेटींत उत्तीर्ण होता येत नाही, तो हात आपल्या मानेसाठी नाही, मग त्याचे तंत्र कितीही नावाजलेले असो.

दुसरे तंत्र न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांचे. मेटलंडच्या पद्धतीत रुग्ण निवांत पडून राहतो. येथे तो बसलेला असतो आणि स्वतः हालचाल करतो. थेरपिस्ट मणक्याला वर-पुढे, साधारण डोळ्याच्या दिशेने सरकवून धरतो आणि तशा धरलेल्या मणक्यासह रुग्णाने दुखणारी दिशा गाठायची. अट एकच, की ती हालचाल त्या क्षणी वेदनारहित झाली पाहिजे. झाली नाही तर दाबाची जागा किंवा दिशा चुकली आहे असे समजून ती बदलायची. सोसून पुढे जायचे नाही. एकाच दिशेला अडणाऱ्या आपल्यासारख्या मानेसाठी मी हे तंत्र आधी वापरते. त्याचा मोठा गुण असा, की ते टॉवेलने घरी करता येते. तो प्रकार खाली सांगते.

तिसरा तो झटका, म्हणजे मॅनिप्युलेशन. मान एका कोनात नेऊन, ढील काढून, अगदी अल्प अंतराचा पण अतिशय वेगवान धक्का द्यायचा. हाडे बसवणाऱ्यांची ही विद्या जगभर जुनीच आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट येथे १८९५ साली डी. डी. पामर यांनी तिच्यावर कायरोप्रॅक्टिक ही मणक्यांना झटके देण्याची उपचारपद्धती उभारली आणि मणका ‘जागेवरून हलतो’ आणि धक्क्याने ‘जागेवर येतो’ असे सांगितले. ती कल्पना लोकांच्या मनात पक्की बसली आहे, पण ती खरी नाही. आवाज हाड बसल्याचा नसतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोटांचे सांधे एमआरआय यंत्रात ताणून पाहिले, तेव्हा सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांपासून सुटताच त्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि त्याच क्षणी आवाज येतो असे दिसले. बोटे मोडताना होते तेच मानेत होते. धक्क्यानंतर हलके वाटते ते त्या भागातील मज्जातंतूंना अचानक मिळालेल्या संदेशामुळे स्नायू ढिले पडतात आणि वेदनेची जाणीव काही काळ कमी होते म्हणून. आवाज आला की उपचार लागू पडला, न आला तर फुकट गेला, असा काही हिशेब नाही. शिकून बाहेर पडले तेव्हा मलाही त्या आवाजाचे वेड होते हे कबूल करते. एक गृहस्थ तर आवाज ऐकल्याशिवाय टेबलावरून उठत नसत, आणि मला त्यात माझ्या हाताचे कौतुक वाटे. वळणे किती वाढले हे मोजायचे मात्र आम्ही दोघेही विसरून जात होतो.

मसल एनर्जी या नावाचे चौथे तंत्र सौम्य आहे: थेरपिस्टच्या हाताला हलका विरोध करत पाच-दहा सेकंद मान त्याच जागी ढकलायची, सोडायची, आणि मिळालेल्या सैलपणात थोडे पुढे जायचे. मानेला वजन लावण्याविषयी म्हणजे ट्रॅक्शनविषयी आपण विचारले नाही आणि आपल्या प्रकारच्या मानदुखीत त्याची गरजही नाही; हातात उतरणाऱ्या वेदनेत त्याचा विचार होतो.

या हातांची आपसात लढत लावली तेव्हा काय झाले ते सांगते. सिडनीत १८२ लोकांवर एक चाचणी झाली, २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानदुखी नवी असलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना मानेचा झटका आणि निम्म्यांना सौम्य मोबिलायझेशन दिले. निम्म्या लोकांचे दुखणे पूर्ण थांबायला झटक्याच्या गटात ४७ दिवस लागले, मोबिलायझेशनच्या गटात ४३. म्हणजे ज्या वेगासाठी झटका घ्यायचा तो वेग मिळालाच नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली ५१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांतही मानेचा झटका आणि मोबिलायझेशन यांचा परिणाम सारखाच आढळला. मोबिलायझेशन स्वतः मात्र पोकळ नाही. नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांच्या २००२ सालच्या अभ्यासात सात आठवड्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण आठवड्यातून एकदा हाताने उपचार घेणाऱ्यांत ६८.३ टक्के, मुख्यतः व्यायामावर भर देणाऱ्या फिजिओथेरपीत ५०.८ टक्के आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे औषधपाणी घेणाऱ्यांत ३५.९ टक्के होते; वर्षभराने हा फरक बराच पुसट झाला. योग्य हात आपल्याला लवकर बरे करतो, एवढे त्यातून नक्की निघते.

परंतु ज्या अभ्यासाने माझी स्वतःची पद्धत बदलली तो अमेरिकेतील मिनेसोटाचा, २०१२ सालचा. त्यात २७२ रुग्णांचे तीन गट होते. एका गटाला बारा आठवडे मॅनिप्युलेशन, दुसऱ्याला औषधे, आणि तिसऱ्याला फक्त दोन वेळा एकेक तास बोलावून मानेच्या सौम्य हालचाली शिकवल्या आणि त्या घरी दिवसातून सहा-आठ वेळा, प्रत्येकी पाच-दहा आवर्तने करायला सांगितल्या. मॅनिप्युलेशन औषधांपेक्षा सरस ठरले, पण दोन तासांच्या शिकवणीवर घरी व्यायाम करणारे लोक त्याच्या बरोबरीने बरे झाले. आपण शिक्षिका आहात. दोन तास नीट शिकवले आणि विद्यार्थ्याने रोज घरी सराव केला तर शिकवणीच्या रांगा लागत नाहीत, हे आपल्याला मी काय सांगणार! त्याआधी २००२ साली ऑस्ट्रेलियात मानेतून निघणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर हाताचा उपचार आणि मानेच्या खोल स्नायूंचा व्यायाम यांची तुलना झाली होती. दोन्ही उपयोगी पडले, परिणाम वर्षभर टिकला, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर चांगला गुण येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी जास्त दिसले.

मालीश करणाऱ्या बाईंविषयी थोडक्यात. जुनाट मानदुखीच्या २२८ रुग्णांच्या अभ्यासात आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण एक तास मालीश घेणाऱ्यांना चार आठवड्यांत फायदा झाला, अर्ध्या तासाच्या मालीशने विशेष काही झाले नाही. तेव्हा बाई जाणत्या असतील, खांदे आणि खवाटे मोकळे करत असतील आणि मान पिरगाळत नसतील, तर जरूर जा. फक्त घाईघाईत उरकलेल्या वीस मिनिटांकडून अपेक्षा ठेवू नका.

धोक्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या निवडीचा निकाल माझ्या मते तेथेच लागतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्या मणक्यापर्यंत हाडातल्याच छिद्रांतून वर चढतात, आणि वरच्या दोन मणक्यांपाशी मान वळली की त्याही ताणल्या जातात. वेगाने पिरगाळल्यास धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तेथे गुठळी होऊ शकते आणि ती पुढे सरकून पक्षाघात होऊ शकतो. असे फार क्वचित घडते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात नऊ वर्षांतील अशा ८१८ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळिशीच्या आतील लोकांत कायरोप्रॅक्टरकडे जाणे आणि पक्षाघात यांचा संबंध दिसला, पण तितकाच संबंध साध्या डॉक्टरांकडे जाण्याशीही दिसला. अर्थ असा लावला जातो की कित्येकांची धमनी आधीच चिरलेली असते आणि त्याचेच दुखणे घेऊन ते मान दाखवायला येतात. मला यातून दिलासा कमी आणि सावधगिरी जास्त मिळते: अशी मान समोर आली आणि ती ओळखू आली नाही, तर तिला झटका देणारा हात सर्वांत वाईट. म्हणूनच मॅन्युअल थेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तयार केलेल्या आणि २०२० साली सुधारलेल्या चौकटीत मानेला हात लावण्यापूर्वी रक्तदाब मोजणे, धमनीचे धोके विचारणे यांवर भर आहे. आपण पाच वर्षे रक्तदाबाची गोळी घेता. ज्याने आपला रक्तदाब मोजला नाही त्याला मानेवर झटका देऊ देऊ नका.

आणि आपल्या यजमानांना हे वाचून दाखवा. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर हनुवटी आणि डोके धरून दोन्ही बाजूंना मान मोडून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. नाभिक बांधव ती आपुलकीनेच करतात, गिऱ्हाईकही डोळे मिटून सुख घेते. पण तेथे ना तपासणी असते ना कोन ठरलेला असतो, आणि वळण असते ते मान सर्वाधिक ताणणारे. अशा मान मोडण्यानंतर धमनी किंवा नसेला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. त्यांनी डोक्याला तेल चोळून घ्यावे, मान मात्र राखून ठेवावी.

आजवर कधी झाली नव्हती अशी तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी अचानक सुरू झाली, तिच्यासोबत चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, बोलणे किंवा गिळणे अडखळले, तोंड वाकडे झाले, तर कोणत्याही थेरपिस्टकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे. ब्लाउजची बटणे लावताना हात चाचपडू लागले किंवा चालताना पाय अडखळू लागले, तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शंका घ्यावी लागते. ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षय आधी डोळ्यांपुढे येतो. संधिवात, हाडांचा ठिसूळपणा, दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइड्स किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर झटक्याचा विचारही करू नये. आपल्या पत्रात यांतले काही नाही.

तेव्हा माझे मत असे. पुण्याला जाऊ नका. झटका वाईटच असतो म्हणून नव्हे. जाणत्या हाताने, तपासून दिलेला झटका बहुतेकांना सोसतो. पण जे फळ सौम्य हाताने तितक्याच दिवसांत मिळते, त्यासाठी थोडासाही अधिक धोका का पत्करावा, या प्रश्नाला मला उत्तर सापडत नाही. आणि वीस सिटिंगचे पैसे आगाऊ घेणे म्हणजे पहिल्या दिवशीच निकाल लावून ठेवणे. कोणत्या मानेला किती भेटी लागतील ते दोन-तीन भेटींनंतर कळते. पाठीच्या वरच्या भागाला, खवाट्यांच्या मध्ये दिलेल्या झटक्यानेही मानेचे दुखणे काही प्रमाणात कमी होते आणि त्या भागात मानेच्या त्या धमन्या नसतात. ‘कडकन’ची फारच हौस असेल, तर आपल्या फिजिओथेरपिस्टांना तेथे करता येते का ते विचारा. त्यांची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का हेही विचारण्यात गैर काही नाही. नोंदणी असलेला माणूस असा प्रश्न मनाला लावून घेत नाही.

साताऱ्यातच आठवड्यातून एकदा, अशा आणखी चार भेटी घ्या. त्यांत मोबिलायझेशन आणि मुलिगनचे तंत्र दोन्ही करून घ्या, आणि टॉवेलचा प्रकार त्यांच्यासमोर एकदा बरोबर जमेपर्यंत शिकून घ्या. अंघोळीचा पातळ टॉवेल किंवा पंचा घ्यावा. जाड टर्किश टॉवेल नको, कारण त्याची कड मणक्यावर नेमकी बसत नाही. खुर्चीत ताठ बसून पंच्याची शिवलेली कड मानेच्या मागे, जेथे दुखते त्या मणक्याच्या काट्यावर टेकवावी. दोन्ही टोके पुढे आली की हातांची अदलाबदल करावी: मानेच्या डाव्या बाजूने आलेले टोक उजव्या हातात, उजव्या बाजूने आलेले डाव्या हातात. डावा हात छातीशी खाली स्थिर धरावा, उजव्या हाताने ते टोक डाव्या गालावरून डोळ्याच्या रेषेत अलगद पुढे-वर ओढावे, आणि ओढ कायम ठेवत मान उजवीकडे वळवावी. शेवटच्या टोकाला क्षणभर थांबावे, ओढ न सोडता मान मध्यावर आणावी, मगच पंचा सैल करावा. कळ येता कामा नये. आली तर कड एक मणका वर किंवा खाली सरकवून पाहावी, तरीही आली तर त्या दिवशी सोडून द्यावे. सहा ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पहिल्याच दिवशी नजर कालनिर्णयाच्या पुढे गेली तर जागा बरोबर सापडली.

दुसरा व्यायाम मानेच्या आतल्या स्नायूंचा. उताणे झोपावे, डोके उशीला टेकलेलेच ठेवावे आणि हलकेच ‘हो’ म्हणावे तशी हनुवटी एखादा सेंटिमीटर खाली आणावी. दोन बोटे गळ्याच्या बाजूच्या स्नायूवर ठेवावीत. तो स्नायू दोरीसारखा ताठ झाला तर जोर जास्त झाला असे समजून सोडावे. दहा सेकंद धरणे, दहा वेळा, दिवसातून दोनदा. दवाखान्यात हाच व्यायाम मानेखाली हवेची पिशवी ठेवून करतात: रक्तदाबाच्या यंत्राप्रमाणे तिच्यात २० मिलिमीटर दाब भरतात आणि हनुवटीच्या हालचालीने तो दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत नेतात. घरी पिशवी नको, बोटे पुरतात. पहिले आठ दिवस काहीच होत नाही असे वाटेल, कारण हे स्नायू दिसत नाहीत आणि दमल्याचेही सांगत नाहीत. सहा आठवडे सोडू नका.

पट्टा लावू नका. अपघातानंतर डॉक्टरांनी सांगितला किंवा हातात असह्य कळा असताना थोडे दिवस दिला, तर गोष्ट वेगळी. आपल्यासारख्या मानेला तो अधिक ताठर आणि अधिक आळशी करतो. उशीही मणकेतज्ज्ञाची म्हणून महागडी घ्यायला नको. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि डोके यांच्यामधली पोकळी जेवढी भरते तेवढी उंची पुरे. मान धरली की माझी आजी उशी उन्हात टाकायला सांगत असे. तिने मान किती सुटायची ते ठाऊक नाही, पण त्या निमित्ताने खाली-वर ये-जा होऊन मान हलायची हे खरे.

पुढच्या वेळी पेपर आले की ते सपाट टेबलावर ठेवू नका. जुनी उतरती लेखनपेटी घरात असेल तर ती काढा, नसेल तर दोन जाड शब्दकोशांवर पाट तिरका ठेवा, म्हणजे कागद नजरेसमोर येतो आणि मान खाली वाकत नाही. दर पाच-सहा उत्तरपत्रिकांनंतर उठून गुणांची बेरीज उभ्याने करा. आणि चौथ्या भेटीनंतर त्याच खुर्चीवरून कालनिर्णयच दिसते की पलीकडची खिडकी, तेवढे मला एका ओळीत कळवा. खिडकी दिसत नसेल तर पुढे काय करायचे ते पुन्हा लिहीन.